स्वातंत्र्याची राखण कोणाकडे?

इ. स. १४७५च्या सुमारास फ्लॉरेन्स नगरातील बर्नार्दो मॅकियाव्हेली या बेताच्या परिस्थितीच्या कायदेपंडिताने एका मुद्रकाचे काम अंगावर घेतले. रोमचा इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथात येणाऱ्या नगरांची, पर्वतांची आणि नद्यांची सूची तयार करावयाची आणि मोबदला म्हणून त्या ग्रंथाची छापील पाने घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. पाने घरी आली. पण त्यांची बांधणी होण्यास १४८६ साल उजाडले. त्या वेळी त्याचा मुलगा निकोलो सतरा वर्षांचा होता. त्या घरात परिश्रमाच्या मोबदल्यात आलेला तो इतिहास पुढे युरोपच्या राजकीय चिंतनाला वळण देणार आहे, याची कल्पना त्या मुद्रकास असणे शक्य नव्हते.

निकोलो मॅकियाव्हेली हे नाव जगाला परिचित आहे ते ‘द प्रिन्स’ या छोट्या पुस्तकामुळे. त्या पुस्तकाने त्याला कीर्तीपेक्षा अपकीर्तीच अधिक दिली. रोमच्या चर्चने १५५९ साली त्याचे समग्र लेखन निषिद्ध ठरविले आणि कपटनीतीला त्याचे नाव कायमचे चिकटले. भारतात त्याची तुलना कौटिल्याशी करण्याची प्रथा आहे. तीही याच पुस्तकाच्या आधारे. परंतु याच माणसाने लिव्हीच्या इतिहासाच्या पहिल्या दहा खंडांवर तीन भागांचा एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात राजाची सत्ता कशी टिकते यापेक्षा प्रजासत्ताक कसे टिकते, याचा विचार केला, हे फारसे सांगितले जात नाही. लिव्हीने मूळ १४२ खंड लिहिले होते. त्यांपैकी आज ३५ उपलब्ध आहेत. मॅकियाव्हेलीच्या या विवेचनाची प्रकरणेही बरोबर १४२ आहेत. हा योगायोग की योजना, यावर विद्वान वाद घालतात. वाद काहीही असो, लिव्हीच्या पानांशी त्याने आयुष्यभर संवाद केला, हे निर्विवाद आहे.

मराठी वाचकाला इटली अपरिचित नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण मराठीत आणले, ते १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले, हा इतिहास येथे सर्वश्रुत आहे. १८४९ साली रोममध्ये अल्पकाळ उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाच्या तीन प्रमुखांपैकी मॅझिनी एक होता. पण मॅझिनीच्या आधी साडेतीन शतके त्याच भूमीवर प्रजासत्ताक म्हणजे काय, ते कशाने जगते आणि कशाने मरते, या प्रश्नांचा विचार रक्त सांडत असताना झाला होता. त्या विचाराची ओळख मात्र मराठीत अजून पुरेशी झालेली नाही.

मॅकियाव्हेलीचे गाव फ्लॉरेन्स हे नावाने शतकानुशतके प्रजासत्ताकच होते. आठ सदस्य आणि त्यांच्यावरील एक प्रमुख अशा मंडळाकडे नगराचा कारभार असे आणि दर दोन महिन्यांनी हे मंडळ बदलत असे. पात्र नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या थैल्यांत घालून त्यांतून नावे काढली जात. कोणा एकाची सत्ता दृढ होऊ नये, यासाठी यापेक्षा कडेकोट व्यवस्था ती कोणती असणार? नगरातील विद्वानांना तिचा केवढा अभिमान होता! पुढे फ्लॉरेन्सचा मुख्य सचिव झालेल्या लिओनार्दो ब्रूनी याने पंधराव्या शतकाच्या आरंभी आपल्या नगराची स्तुती गाताना असे प्रतिपादन केले की, फ्लॉरेन्सची स्थापना रोमच्या सम्राटांच्या काळातील नसून स्वतंत्र रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील आहे. म्हणून स्वातंत्र्य हा या नगराचा वारसाहक्कच आहे. मिलानच्या ड्यूकने उत्तर इटलीतील एकेक नगर गिळत फ्लॉरेन्सच्या वेशीपर्यंत मजल मारली होती आणि १४०२ साली त्याच्या आकस्मिक मृत्यूमुळेच नगर वाचले होते. त्या पार्श्वभूमीवर ब्रूनीच्या शब्दांना निराळेच तेज आले.

परंतु तेजस्वी शब्दांनी थैल्यांची राखण होत नाही. १४३४ साली निर्वासनातून परतलेल्या कोसिमो मेदिची या धनाढ्य सावकाराने एकही संस्था मोडली नाही. मंडळ तसेच राहिले, दोन महिन्यांची मुदत तशीच राहिली, थैल्याही तशाच राहिल्या. केवळ थैलीत कोणाची नावे पडावीत हे ठरविणारे लोक त्याचे झाले. कोसिमो स्वतः नगराच्या सर्वोच्च पदावर तीनदाच बसला, तेही प्रत्येक वेळी दोन महिने. तरी तीस वर्षे त्याच्या इच्छेवाचून फ्लॉरेन्समध्ये पान हलले नाही. १४६४ साली तो वारला, तेव्हा नगराने त्याला ‘राष्ट्रपिता’ ही पदवी दिली. प्रजासत्ताक रोमने आपला वक्ता आणि रक्षक सिसेरो याला गौरविले होते ती ही पदवी! प्रजासत्ताकाचा सर्वोच्च सन्मान प्रजासत्ताक पोखरणाऱ्याला, तोही नागरिकांच्या स्वखुशीने मिळावा, यापेक्षा कठोर विडंबना इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

१४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत उतरला आणि मेदिची घराण्याला नगर सोडावे लागले. त्यानंतर साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने फ्लॉरेन्समध्ये महापरिषद स्थापन झाली. सुमारे तीन हजार नागरिकांना तीत बसण्याचा अधिकार मिळाला. पन्नास-साठ हजारांच्या वस्तीच्या नगरात हे प्रमाण त्या काळाच्या मानाने असाधारण होते. याच परिषदेने पुढे १४९८ साली २९ वर्षांच्या निकोलोला सचिवपदी निवडले. चौदा वर्षे त्याने प्रजासत्ताकाची चाकरी केली. फ्रान्सच्या राजाकडे, जर्मन सम्राटाकडे, पोपकडे वकील म्हणून तो गेला. १५१२ साली स्पॅनिश सैन्याच्या बळावर मेदिची परतले, त्याचे पद गेले, १५१३च्या आरंभी कटाच्या संशयावरून त्याला कारागृहात टाकण्यात आले आणि हात पाठीमागे बांधून दोराने टांगण्याचे हाल त्याला सोसावे लागले. सुटकेनंतर गावाबाहेरच्या शेतावर बसून त्याने लिव्ही पुन्हा उघडला. ‘रोम का टिकले आणि फ्लॉरेन्स का टिकले नाही?’ हा त्याचा प्रश्न होता. तो पराभूत झालेल्या प्रजासत्ताकाच्या सेवकाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच त्याच्या उत्तरांना आजही धार आहे.

त्याचे पहिले उत्तर धक्का देणारे आहे. रोममध्ये सरदार आणि सामान्य जन यांच्यात सतत कलह होता. लिव्हीपासून सर्वांनी त्या कलहाला रोमचे दुर्दैव मानले. मॅकियाव्हेली म्हणतो, याच कलहातून रोमचे स्वातंत्र्य जन्मले. इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले सामान्य रोमन नगर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि सरदारांना लोकरक्षक अधिकाऱ्यांचे, म्हणजे ट्रिब्यूनचे पद मान्य करावे लागले. कलह झाला, पण त्याची परिणती एका कायद्यात, एका पदात झाली. फ्लॉरेन्समध्येही कलह कमी नव्हते. पण तेथे जिंकलेला पक्ष हरलेल्या पक्षाला हद्दपार करी वा त्याचा वध करी. कलह कोठे नसतात? भेद आहे तो कलहाच्या शेवटात. मतभेदातून नियम निर्माण होत असतील, तर समाज जिवंत आहे. मतभेदातून केवळ वैर निर्माण होत असेल, तर तो समाज आपल्या शत्रूला आमंत्रण देत आहे, असे समजावे.

याच ओघात तो एक मूलभूत प्रश्न विचारतो: स्वातंत्र्याची राखण कोणावर सोपवावी? स्पार्टाने आणि व्हेनिसने ती मोजक्या कुलीनांवर सोपविली. व्हेनिसने १२९७ साली आपल्या महापरिषदेची दारे नव्या घराण्यांना जवळजवळ बंद केली आणि तरी ते प्रजासत्ताक नेपोलियनने १७९७ साली संपविपर्यंत टिकले. तेव्हा कुलीनांची बाजू दुबळी मुळीच नव्हती. तरीही मॅकियाव्हेलीने कौल दिला तो रोमच्या सामान्य जनांना. त्याचे कारण साधे आहे. थोरामोठ्यांना सत्ता गाजविण्याची इच्छा असते. सामान्यांना आपल्यावर कोणी सत्ता गाजवू नये एवढीच इच्छा असते. जो वस्तू बळकावू इच्छितो त्याच्यापेक्षा, जो ती गमावण्यास भितो तो राखणदार अधिक विश्वासू. सामान्य माणसाला मूर्ख आणि चंचल म्हणणाऱ्या पंडितांना त्याने स्पष्ट बजावले की, कायद्याच्या चौकटीत वागणारा लोकसमूह हा राजापेक्षा अधिक शहाणा आणि अधिक स्थिर असतो.

दुसरे उत्तर आरोपांविषयी आहे. कोरिओलेनस या पराक्रमी सरदाराने दुष्काळात सामान्यांना धान्यासाठी नमविण्याचा सल्ला दिला, तेव्हा चिडलेल्या जमावाने त्याला रस्त्यावर ठार केले असते. ट्रिब्यूनांनी त्याच्यावर रीतसर खटला मांडला आणि जमावाचा क्रोध न्यायासनापुढे आला. यावरून मॅकियाव्हेली भेद करतो तो आरोप आणि निंदा यांतला. आरोपाला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, आरोप करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते. निंदेला यांपैकी काहीच लागत नाही. ती चौकात, सज्जात, कानाकानांत पसरते. ज्या नगरात रीतसर आरोपाची वाट बंद असते, तेथे निंदेचा पूर येतो, निंदेतून द्वेष आणि द्वेषातून पक्षबाजी उपजते. फ्लॉरेन्सला त्याने याच रोगाने जर्जर झालेले पाहिले. ज्या युगात एक बोट फिरविताच कोणाचीही अब्रू लक्षावधी लोकांपुढे टांगता येते, त्या युगाला हा पाचशे वर्षांपूर्वीचा भेद कालबाह्य वाटण्याचे कारण नाही.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. संकटात प्रजासत्ताकाला असाधारण अधिकारांची गरज पडते काय? मॅकियाव्हेली म्हणतो, निश्चित पडते. ज्या प्रजासत्ताकाजवळ त्याची कायदेशीर सोय नाही, ते एक तर संकटात बुडेल किंवा कायदा मोडून वाचेल, आणि कायदा मोडण्याची सवय ही संकटाहून घातक आहे. रोमने ‘डिक्टेटर’ हे पद निर्माण केले ते याचसाठी. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो; पण मुळात तो सहा महिन्यांसाठी, एका ठराविक कामासाठी नेमलेला अधिकारी होता. इ. स. पू. ४५८ मध्ये सिनसिनाटसला नांगरावरून बोलावून हे पद देण्यात आले. चार बिघ्यांएवढ्या शेताचा तो धनी. शत्रूचा वेढा फोडून सोळाव्या दिवशी त्याने पद सोडले आणि तो पुन्हा शेतावर गेला. त्याच्या काळात सेनेट, कॉन्सल, ट्रिब्यून सर्व आपापल्या जागी होते. कोणतीही संस्था झोपविण्यात आली नव्हती.

याच्या उलट इ. स. पू. ४५१ मध्ये कायदे लिहिण्यासाठी दहा जणांचे मंडळ नेमले गेले. हेतू उत्तम, निवड लोकांनी स्वेच्छेने केलेली, आणि मंडळाने केलेले कायदेही रोमच्या न्यायव्यवस्थेचा पाया ठरले. पण मंडळ नेमताना कॉन्सल नाहीत, ट्रिब्यून नाहीत, दाद मागण्याची सोय नाही, अशी व्यवस्था करण्यात आली. दोन वर्षांत आपियस क्लॉडियस हा त्या मंडळाचा नेता जुलमी झाला आणि इ. स. पू. ४४९ मध्ये लोकांना पुन्हा नगर सोडून बाहेर पडावे लागले, तेव्हा कोठे ते मंडळ हटले. सत्ता लोकांनी दिली होती, म्हणून ती निर्धोक ठरली नाही. अधिकार कोणी दिला यापेक्षा, त्याला मुदत आहे काय आणि त्याच्या शेजारी त्याला विचारणारा कोणी जागा आहे काय, हे पाहावे लागते.

भारताने हा धडा पुस्तकातून नव्हे, अनुभवातून घेतला आहे. २५ जून १९७५ रोजी घोषित झालेली आणीबाणी ही संविधानातील तरतुदीचाच आधार घेऊन आली होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण, विरोधकांची स्थानबद्धता, लोकसभेची वाढविलेली मुदत, हे सर्व कायद्याच्या भाषेत घडले. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी निर्णय दिला आणि १९७८ साली ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण वगळून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. सामान्य माणूस हाच स्वातंत्र्याचा विश्वासू राखणदार, या सूत्राची यापेक्षा स्पष्ट प्रचीती कोणती असू शकेल? पण त्याबरोबरच हेही ध्यानात ठेवावयास हवे की, कोणत्याही पक्षाच्या हाती सत्ता असो, मुदत नसलेला आणि विचारणारा नसलेला अधिकार एकाच दिशेने जातो. आपल्या विरोधकाच्या हाती जो अधिकार भयंकर वाटतो, तो आपल्या हाती आला म्हणून सौम्य होत नाही.

रोमचे प्रजासत्ताक शेवटी बुडाले ते का, याचेही उत्तर मॅकियाव्हेलीने दिले आहे. जमिनीच्या वाटपावरून सरदार आणि सामान्य यांच्यातील वैर विकोपाला गेले, इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस आणि १२१ मध्ये त्याचा भाऊ गायस यांचा अंत रक्तपातात झाला. जुने कलह कायद्यात संपत होते, नवे कलह प्रेतांत संपू लागले. दुसरे कारण वरकरणी अगदी निरुपद्रवी. इ. स. पू. ३२६च्या सुमारास पब्लिलियस फिलो हा सेनापती नेपल्सजवळच्या वेढ्यात गुंतला असता त्याची मुदत संपली. विजय हाताशी आलेला, तेव्हा सेनापती बदलावा कशाला, म्हणून सेनेटने त्याला मुदतवाढ दिली. निर्णय शहाणपणाचाच होता. पण पायंडा पडला. पुढे मुदतवाढी लांबत गेल्या, सैनिक सेनेटला विसरून सेनापतीला धनी मानू लागले; मारियस आला, सुल्ला आला, आणि गॉलमध्ये पाच अधिक पाच वर्षांची सत्ता भोगलेल्या सीझरने इ. स. पू. ४९ मध्ये आपले सैन्य स्वतःच्याच देशावर आणले. सोयीसाठी केलेल्या एका अपवादापासून आजन्म हुकूमशाहीपर्यंतचा तो मार्ग पावणेतीनशे वर्षांचा होता. आणि त्यावरील प्रत्येक पाऊल टाकताना, ते पाऊल अपरिहार्य आहे असे सांगणारा कोणी ना कोणी विद्वान उपस्थित होताच.

स्वतःच्या नगराच्या नेत्यांविषयीही मॅकियाव्हेलीने भीड बाळगली नाही. साव्होनारोलाच्याच पुढाकाराने असा कायदा झाला होता की, राजकीय अपराधासाठी देहदंड झालेल्यास महापरिषदेकडे दाद मागता यावी. १४९७ साली मेदिचींच्या परतीचा कट केल्याच्या आरोपावरून पाच नागरिकांना देहदंड झाला, त्यांनी दाद मागितली आणि ती नाकारून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. साव्होनारोला गप्प राहिला. मॅकियाव्हेलीच्या मते त्याची प्रतिष्ठा याहून दुसऱ्या कशानेही इतकी खालावली नाही. कारण कायदा करणाऱ्यानेच तो न पाळणे, याहून वाईट उदाहरण नाही. पुढच्याच वर्षी नगराच्या मुख्य चौकात साव्होनारोलाला फाशी देऊन जाळण्यात आले. १५०२ साली आजन्म प्रमुख म्हणून निवडला गेलेला सोदेरिनी हा सज्जन आणि निःस्पृह होता. पण नगरातील मेदिचीनिष्ठांचे वैर आपल्या सौजन्याने आणि काळाच्या ओघात विरून जाईल, असा त्याचा समज होता. प्रजासत्ताक उलथविण्याच्या कटात सापडलेल्या स्वतःच्या मुलांना शिक्षा देणारा रोमचा ब्रूटस मॅकियाव्हेली येथे आठवतो. एकाने कायदा गुंडाळून ठेवला, दुसऱ्याने तो खंबीरपणे चालविला नाही. दोघांचाही नाश झाला आणि त्यांच्यासह प्रजासत्ताकाचाही.

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्यायाचे ठरेल, आणि तो मॅकियाव्हेलीच्याच मित्राने घेतलेला आहे. फ्रांचेस्को ग्विच्चार्दिनी हा थोर इतिहासकार आणि कसलेला प्रशासक. पदोपदी रोमनांचे दाखले देणाऱ्यांची त्याने थट्टा केली: ज्या नगराची परिस्थिती रोमसारखी नाही, त्याने रोमचे अनुकरण करणे म्हणजे गाढवाकडून घोड्याच्या चालीची अपेक्षा करणे होय. या थट्टेत तथ्य आहे. रोमन पद्धतीच्या नागरिक सैन्याचा आग्रह धरून मॅकियाव्हेलीने १५०६ साली फ्लॉरेन्सची सेना उभी केली. १५०९ साली पिसा परत घेण्यात तिचा वाटा होता. पण १५१२ साली प्रातो येथे अनुभवी स्पॅनिश सैनिकांपुढे ती टिकली नाही आणि त्या नगराची भीषण लूट झाली. पूर्वजांचे नाव घेतल्याने पूर्वजांचे मनगट येत नाही, हेच खरे.

परंतु ग्विच्चार्दिनीच्या व्यवहारी शहाणपणाचे फळ काय? १५२७ साली फ्लॉरेन्सने मेदिचींना पुन्हा हाकलले. सम्राट आणि पोप या दोघांच्या संयुक्त सैन्याविरुद्ध नगर दहा महिने झुंजले. शिल्पकार मायकेलअँजेलोने तटबंदीचे काम पाहिले. फेरुच्ची हा नागरिक सेनापती ऑगस्ट १५३० मध्ये रणात पडला आणि भाडोत्री सेनापती मालातेस्ता बाल्योनी याच्या फितुरीने नगर शरण गेले. ज्या भाडोत्री शस्त्रांविरुद्ध मॅकियाव्हेलीने जन्मभर कंठशोष केला, त्याच शस्त्रांनी शेवटचा घाव घातला. तो स्वतः १५२७ मध्येच वारला होता. १५३२ साली मेदिची उघडपणे ड्यूक झाले. १५३७ साली तो ड्यूक मारला गेला, तेव्हा ग्विच्चार्दिनीने तरुण कोसिमोला गादीवर बसविण्यास हातभार लावला. हा पोरगा आपल्या सल्ल्याने चालेल, असा त्याचा हिशेब होता. कोसिमोने लवकरच त्याला बाजूला सारले. इतिहासाचे दाखले नाकारणाऱ्या चतुर माणसालाही इतिहासाने सोडले नाही.

या दोघांच्या वादात इतिहासाकडे पाहण्याची योग्य दृष्टी सापडते. मॅकियाव्हेलीची तक्रार अशी की, लोक भग्न रोमन मूर्तीचा एखादा तुकडा मोठ्या किमतीला घेऊन घरात मिरवितात, शिल्पकार त्याची नक्कल करतात. पण त्याच रोमनांनी राज्य कसे चालविले हे वाचून केवळ कौतुक करतात, आचरणात काही आणत नाहीत. ग्विच्चार्दिनीची तक्रार अशी की, आचरणात आणताना परिस्थितीचा विचार होत नाही. दोन्ही तक्रारी एकत्र घेतल्या, तर सूत्र असे निघते: पूर्वजांची कृती उचलावयाची नाही, त्या कृतीमागचे कारण समजून घ्यावयाचे. आणि त्यासाठी विजयाच्या कथांइतकेच पराभवाचे अहवालही वाचावयाचे. मॅकियाव्हेलीने रोमवर जीव टाकला. तरी रोमचे पतन त्याने झाकले नाही. आपल्या इतिहासावर प्रेम करणाऱ्याची खरी कसोटी हीच असते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच कसोटी देशापुढे ठेवली. या भूमीत प्राचीन काळी गणराज्ये होती, बौद्ध संघांना सभेचे नियम ठाऊक होते, याचा त्यांनी साभिमान उल्लेख केला. आणि लगेच विचारले की, ती व्यवस्था या देशाने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदाही गमावणार काय? राजकारणातील व्यक्तिपूजा ही अधोगतीची आणि अंती हुकूमशाहीची वाट आहे, असे त्यांनी बजावले. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांचा विरोधाभास लवकर मिटविला नाही, तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल, असाही त्यांचा इशारा होता. मॅकियाव्हेलीही म्हणाला होता की, जेथे नागरिकांत समता नाही, तेथे प्रजासत्ताक उभे राहू शकत नाही. दोघांच्या काळात चार शतकांहून अधिक अंतर आहे, देश निराळे, धर्म निराळे. तरी प्रश्न एकच आहे आणि उत्तराची दिशाही एकच आहे.

म्हणून राखणीचा प्रश्न कोणा एका पक्षाचा, नेत्याचा वा न्यायासनाचा नाही. थैलीत कोणाची नावे पडतात, हे विचारण्याचे ज्या दिवशी नागरिक सोडून देतो, त्या दिवशी संविधानाचे एकही पान न फाडता प्रजासत्ताक संपू शकते. बर्नार्दो मॅकियाव्हेलीने लिव्हीच्या ग्रंथाची केवळ सूची केली होती: नगरांची, पर्वतांची, नद्यांची. त्याच्या मुलाने तोच ग्रंथ आपल्या नगराच्या वेदनेने वाचला. इतिहासातील नावांची सूची सणावारी घोकणारा समाज आणि त्या इतिहासाचा अर्थ रोजच्या व्यवहारात लावणारा समाज, यांत अंतर आहे ते एवढेच. पण प्रजासत्ताके तरतात किंवा बुडतात, ती याच अंतरावर.